माळ्याची ओल कोंडू नये

माळ्यावर बुरशी दिसली याचा अर्थ एवढाच, की तिथल्या लाकडाला, पुठ्ठ्याला किंवा भिंतीला कुठून तरी पाणी मिळते आहे. बुरशीचे बीजाणू हवेत बारा महिने तरंगत असतात. ते नसलेले घर जगात नाही. त्यांना लागणारे खाद्य, म्हणजे लाकूड, पेंढा, जुन्या वह्या, धुळीचा थर, माळ्यावर कायमचे असते. लागणारी ऊब कोकण-गोव्यात कधी कमी पडत नाही. बीजाणू, खाद्य, ऊब आणि पाणी या चौघांपैकी पहिली तीन माणसाच्या हातात फारशी नाहीत. चौथे आहे. तरीही कौलारू घराच्या माळ्यासाठी आज जे उपाय सर्रास सुचवले जातात, ते जवळजवळ सगळे पाण्याला सोडून बुरशीच्या डागामागे लागतात. ब्लीच मारा, वॉटरप्रूफ रंग लावा, कौलांखाली प्लॅस्टिक ताणा, पीओपीचे छत करा, नाहीतर कौले उतरवून पत्रा टाका. यांतले पहिले दोन पैसे वाया घालवतात. पुढचे तीन, सध्या ज्या रीतीने केले जातात त्या रीतीने, माळ्यावरची ओल वाढवतात.

या सगळ्यांच्या मागे एक समजूत उभी आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आंबोलीत सात हजारांच्या आसपास. आषाढात हवेची आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांवर आठवडेच्या आठवडे टिकते. अशा मुलखात माळा कुजायचाच, जुन्या घराचे हे भोग आहेत, असे लोक धरून चालतात. एकदा असे धरले की डाग झाकण्याखेरीज करण्यासारखे काही उरत नाही. म्हणून या समजुतीचाच हिशेब आधी करावा लागतो.

माळ्यावर दोन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात. वाशांवर, पेटीच्या झाकणावर, चामड्याच्या वहाणेवर पांढरट, हिरवट किंवा काळी भुकटी येते ती पृष्ठभागावरची बुरशी. ती लाकडाच्या वरच्या थरातली साखर आणि धूळ खाते, डाग पाडते, कुबट वास देते, श्वासाला त्रास देते. पण वाशाची ताकद तिने कमी होत नाही. दुसरी कूज. ती लाकडाचा गाभा खाते. लाकूड मऊ होते, चौकोनी तडे जाऊन भुगा होते आणि दाभण टोचले तर विरोध न होता आत जाते. दोघींना लागणारे पाणी वेगळे आहे. पृष्ठभागालगतच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की पहिलीला पुरते. दुसरीला लाकडाच्या वजनाच्या जवळजवळ २८ ते ३० टक्के पाणी लाकडात मुरलेले लागते.

आता कोकणातली हवा काय करू शकते ते पाहावे. ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवलेले लाकूड हळूहळू आपल्या वजनाच्या सुमारे २० टक्के पाणी घेते आणि तिथे थांबते. ७५ टक्के आर्द्रतेत ते १४ टक्क्यांच्या आसपास थांबते. म्हणजे नुसत्या दमट हवेने वाशावर भुकटी येईल, वासा कुजणार नाही. जिथे वासा कुजला आहे तिथे थेंबाथेंबाने पाणी पोचले आहे: फुटलेल्या कौलातून, तुंबलेल्या पन्हळीतून, पत्र्याच्या घामातून किंवा भिंतीतून. शंभर वर्षे उभी असलेली सागाची, किंजळीची, फणसाची आढी कोकणात आजही गावोगाव दिसतात आणि ती याच हवेत उभी आहेत. कुजलेल्या वाशाचे खापर हवामानावर फोडणे म्हणजे शोधता येण्यासारखी गळती न शोधणे होय.

भुकटीचीही तीच गोष्ट, फक्त हिशेब थोडा नाजूक आहे. २७ अंश सेल्सिअस तापमानाच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त २५.८ ग्रॅम बाष्प मावते. आर्द्रता ९० टक्के असेल तर त्या हवेत २३.२ ग्रॅम बाष्प आहे. हीच हवा, बाष्पाचा कणही न काढता, ३० अंशांपर्यंत तापवली तर तिच्यात ३०.४ ग्रॅम मावतात. आर्द्रता आपोआप ७६ टक्क्यांवर उतरते. तीन अंशांचा फरक, आणि बुरशीची ८० टक्क्यांची रेघ ओलांडून हवा अलीकडे येते. जुन्या घरांच्या माळ्यावर भाताच्या कणग्या, सुपारी, कुळीथ, सुकी मासळी आणि बियाणे पावसाळाभर टिकत असे ते या तीन अंशांच्या जोरावर. खाली चूल पेटलेली असे, तिची ऊब आणि धूर फळ्यांच्या फटींतून वर जात, कौलांच्या सांध्यांतून बाहेर पडत. धुराचा काळा थर वाशांवर बसे आणि त्यातली द्रव्ये बुरशीला व किडीला मारक असत. गॅस आला, चूल गेली, माळ्याची ऊब गेली; बाकी घर तसेच राहिले. चाळीस वर्षे कोरडा असलेला माळा अलीकडेच का दमटला, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत इथे सापडते. पाऊस काही वाढलेला नसतो.

यावरून चूल परत पेटवा असा सल्ला देणारेही आहेत, आणि तो सल्ला ब्लीचहून वाईट आहे. लाकडाच्या धुराने स्वयंपाकघरातल्या बायकांच्या फुप्फुसांचे आणि डोळ्यांचे जे नुकसान होते ते आता निर्विवाद आहे. माळा कोरडा ठेवायला घरातल्या माणसांना धुरात बसवणे हा सौदा कुणी करू नये. चुलीकडून घ्यायचा तो धडा ऊब आणि वाहती हवा यांचा आहे, धुराचा नाही.

आता उपायांकडे, एकेक करून. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे पाण्यातले द्रावण. फरशीवर, काचेवर, चकचकीत टाइलवर ते बुरशी मारते यात शंका नाही. पण वासा म्हणजे टाइल नव्हे. लाकूड सच्छिद्र आहे आणि बुरशीचे तंतू त्याच्या आत शिरलेले असतात. ब्लीचमधला क्लोरीन पृष्ठभागावरच संपतो आणि द्रावणातले पाणी मात्र लाकडात मुरते. डाग फिका पडतो, घरच्यांना वाटते काम झाले, आणि तीन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा भुकटी येते, कारण तिला प्यायला पाणी नुकतेच दिले गेलेले असते. शिवाय मेलेली बुरशीही ॲलर्जी उठवते. मारण्यापेक्षा काढून टाकणे महत्त्वाचे. कोंदट माळ्यावर क्लोरीनचा वास घेत काम करणे वेगळेच धोक्याचे. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद माळ्यावर त्यातून पळायला एक शिडीच असते.

वॉटरप्रूफ रंगाची कथा याहून सोपी आहे. ॲक्रिलिकचा रंग म्हणजे प्लॅस्टिकची पातळ कातडी. बाहेरच्या भिंतीला, सुक्या पृष्ठभागावर, ती पाणी अडवते. माळ्यावरच्या जांभ्याच्या भिंतीला आतून ती लावली की भिंतीत बाहेरून शिरलेले पाणी आतल्या बाजूने सुकण्याची वाट बंद होते. जांभा पाणी पितो आणि सोडतो. सोडू दिले नाही तर रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात आणि पापुद्र्यामागे बुरशी आरामात वाढते. दर वर्षी दिवाळीच्या आधी भिंतीला चुना काढण्याची पद्धत होती ती केवळ शोभेसाठी नव्हती. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्याचा सामू १२ च्या वर जातो, आणि त्यात बुरशी धरत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो हळूहळू मवाळ होतो, म्हणूनच दर वर्षी नवा हात द्यावा लागतो. आणि चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडू शकते. वर्षाला एकदा कष्ट पडतात हे खरे. पण दहा वर्षांची हमी सांगणाऱ्या रंगाखाली ओल कोंडण्यापेक्षा ते कष्ट परवडतात.

कौलांखालचे प्लॅस्टिक आणि पीओपीचे छत या दोहोंत सर्वांत जास्त पैसा जातो आणि सर्वांत जास्त नुकसान होते, तेव्हा तिथे थोडे थांबले पाहिजे. मंगळुरी कौल १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासून पश्चिम किनाऱ्यावर पसरले. त्याची रचना ध्यानात घेतली तर पुढचे सगळे समजते. खाचेत खाच अडकवून, चुना-सिमेंट न भरता, कौले रिपांवर नुसती ठेवलेली असतात. सांधे पाणबंद नसतात. उतार आणि एकावर एक येणारी कड यांच्या बळावर पाणी बाहेर जाते, आणि त्याच सांध्यांतून हवा खेळते. कौल स्वतः मातीचे, सच्छिद्र. वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास पाणी ते पिऊ शकते. रात्री त्याच्या खालच्या अंगाला दव धरले तर ते दव कौल पिऊन टाकते आणि दुपारी वाऱ्याला सोडते. म्हणजे कौलारू छप्पर गळायचे थांबते ते बंद असल्यामुळे नव्हे. भिजून पुन्हा सुकत राहिल्यामुळे.

या छपराखाली रिपांना घट्ट चिकटून निळी ताडपत्री ताणली की हा व्यवहार मोडतो. फुटक्या कौलातून आलेले पाणी ताडपत्रीच्या झोळीत साठते, रिपांच्या आणि वाशांच्या वरच्या बाजूला दिवसेंदिवस टेकून राहते. खालून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही, कारण थेंब खाली पडतच नाही. पूर्वी परातीत पडणारा थेंब तक्रार तरी करत असे. आता रीप वरून कुजत जाते, आणि एक दिवस कौलांची अख्खी ओळ खाली सरकते तेव्हाच घरच्यांना कळते. खालच्या अंगाला वेगळेच घडते: घरातून वर गेलेले बाष्प प्लॅस्टिकवर दव होऊन धरते आणि तिथून वाशांवर ठिबकते. कौलाखाली दुसरा थर देण्यात मूलतः चूक नाही. तो रिपांपासून दोन-तीन इंच खाली, वरून हवा खेळेल अशा मोकळ्या जागेने, ओलावा पलीकडे जाऊ देणाऱ्या कापडाचा आणि खालच्या टोकाला पागोळीबाहेर पाणी सोडणारा हवा. नव्या बांधकामात हे करता येते. जुन्या छपराला दोन खिळ्यांनी टाचलेल्या ताडपत्रीत यातले काहीच नसते.

पीओपी किंवा जिप्समच्या छताने माळा नाहीसा होतो. त्याच्यावरची अंधारी पोकळी मात्र राहते. पूर्वी कुणी ना कुणी माळ्यावर चढत असे, नारळ काढायला, गोणपाट टाकायला, आणि चढता चढता गळती दिसत असे. छत झाल्यावर वर बघणारे डोळे संपतात. जिप्सम बोर्डाच्या दोन्ही अंगांना कागद असतो आणि कागद म्हणजे बुरशीचे तयार ताट. भिजलेला बोर्ड दोन दिवसांत सुकला नाही तर बुरशी धरू लागते. पावसाळ्यात बंद पोकळीतला बोर्ड दोन दिवसांत सुकणे शक्यच नाही. खालून जेव्हा तपकिरी कडेचा गोल डाग उमटतो, तेव्हा वरच्या बाजूला त्याच्या अनेक पट क्षेत्र काळे झालेले असते. घरच्यांना छत हवेच असेल तर ते फळ्यांचे, फटी ठेवून आणि वर चढायला झडप ठेवून करावे. खालच्या खोलीची शोभा त्याने कमी होत नाही.

पत्र्याचा मुद्दा वेगळा आहे, कारण पत्रा खरोखरच पावसाचे पाणी अडवतो. कौले चढवणारे कारागीर मिळत नाहीत, वानरे कौले फोडतात, दर वर्षी शाकारणीचा खर्च, या अडचणी खोट्या नाहीत आणि पत्रा टाकणाऱ्याला दोष देता येत नाही. पण पत्रा टाकला म्हणजे ओल गेली, हे सांगणे चूक आहे. घरातल्या २७ अंश, ९० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सव्वापंचवीस अंशांच्या आसपास येतो. म्हणजे हवेपेक्षा जेमतेम दोन अंश थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर तिचे पाणी होते. पावसाचे पाणी पत्र्यावरून वाहू लागले की पातळ धातू क्षणात त्याच्याइतका थंड होतो. भाद्रपदातल्या किंवा पौषातल्या निरभ्र रात्री पत्रा उघड्या आकाशाकडे उष्णता सोडून हवेहूनही थंड होतो. दोन्ही वेळा त्याच्या खालच्या अंगाला घाम सुटतो. कौल हा घाम पिते. पत्रा पीत नाही, तो थेंब करून खाली सोडतो. पाऊस नसताना माळ्यावर ठिबकते, स्क्रूच्या टोकाशी पाण्याचा मणी लटकलेला दिसतो आणि त्याभोवती गंजाची कडी धरते, तेव्हा ती गळती समजून वरून डांबर थापले जाते. डांबराने घाम थांबत नाही. पत्रा टाकायचाच असेल तर त्याच्या खाली उष्णतारोधक थर, आढ्याशी सलग हवा निघायची फट आणि पागोळीशी हवा आत यायची फट, या तिन्ही गोष्टी पत्र्याच्या खर्चातच धरल्या पाहिजेत. त्या वगळून दिलेला भाव अपुऱ्या कामाचा भाव आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. बाहेरची हवाच ९० टक्के दमट असेल तर झरोके ठेवून काय साधणार? ओली हवा आत घेऊन माळा कसा सुकणार? थंड देशांतल्या पुस्तकांतला हवा खेळवण्याचा सल्ला कोकणात जसाच्या तसा लागू पडत नाही, हे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. बाहेरच्या हवेहून माळा अधिक कोरडा करणे नुसत्या झरोक्याला जमत नाही. पण पावसाळ्यातला माळा बाहेरच्याइतकाच दमट असता तर तक्रार अर्धीही उरली नसती. तो बाहेरहून जास्त दमट असतो, कारण घर त्यात पाणी ओतत असते. पावसात कपडे घरातच वलणीवर पडतात, पुष्कळ घरांत माळ्यावरच. एका धुण्यातून साधारण दोन लिटर पाणी हवेत जाते. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि आढ्यापाशी अडीच मीटर उंच माळ्यात ६० घनमीटर हवा मावते. २७ अंश आणि ९० टक्क्यांच्या त्या हवेत आणखी मावेल असे बाष्प घनमीटरला २.६ ग्रॅम, म्हणजे एकूण दीडशे ग्रॅमच्या आसपास. दोन लिटर पाणी वाहून न्यायला माळ्यातली सगळी हवा तेरा वेळा बदलली पाहिजे. फटींच्या कौलारू माळ्यात ते दिवसभरात सहज होते. ताडपत्री आणि पीओपीने बंद केलेल्या माळ्यात ते पाणी वाशांत जाते, दुसरीकडे जायला त्याला जागाच नसते.

आणि हवा तीन अंश तापली तर? ३० अंशांना त्याच हवेत घनमीटरला ७.२ ग्रॅम आणखी मावतात. तेरा वेळांचे काम पाच वेळांहून कमीत होते. म्हणून उघडीप मिळालेल्या दुपारी माळा तापू द्यावा आणि तापलेली हवा वरून निघू द्यावी; या दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात. आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतींत समोरासमोर, जाळी लावलेले दोन झरोके, जितके उंच तितके चांगले; वटवाघळे आणि चिमण्या आत येऊ नयेत इतकी बारीक जाळी. दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या पाख्यात काचेची दोन-चार कौले. ही काचेची कौले उजेडासाठी बसवली जात, पण त्यांच्यातून येणारे ऊन माळ्याला तापवते आणि बुरशीला नकोसा असलेला कोरडा कोपरा तयार करते. झोडपणाऱ्या पावसाच्या बाजूचा झरोका आषाढात झडपेने बंद करता आला पाहिजे. आर्द्रता शोषणारे विजेचे यंत्र मात्र कौलारू माळ्यावर ठेवू नये. ते बंद खोलीसाठी असते, आणि फटींच्या छपराखाली ते बाहेरचा सगळा पावसाळा सुकवत बसते.

पाणी कुठून येते ते शोधायला महागडे यंत्र लागत नाही, वेळ लागतो. भर दुपारी माळ्यावर चढून झडप लावून घ्यावी आणि अंधारात डोळे सरावेपर्यंत बसावे. जिथे जिथे उजेडाचा टाचणीएवढा ठिपका दिसेल तिथे कौल सरकले किंवा फुटले आहे. त्या जागी रिपेवर खडूने खूण करावी. मग मोठ्या पावसात विजेरी घेऊन पुन्हा चढावे. पाणी जिथे ठिबकते तिथेच आत येते असे नाही; ते रिपेच्या खालच्या कडेने चार-चार फूट उतरून एखाद्या गाठीशी किंवा खिळ्याशी सुटते. म्हणून थेंबापासून वरच्या बाजूला ओली रेघ धरत जावे. दोन पाख्यांच्या सांध्यातली पन्हळ पहिल्यांदा पाहावी, कारण फणसाची नि आंब्याची पाने तिथेच अडकतात आणि पाणी कौलांखाली उलटते. दुसरी जागा म्हणजे नंतर वाढवलेली पडवी. मूळ पाख्याचाच उतार पुढे ओढताना उंची पुरत नाही, उतार निजतो, आणि निजलेल्या उतारावर मंगळुरी कौल वाऱ्याच्या पावसाला उलटे पाणी घेते. तिथे कौल बदलून उपयोग नाही. उतार उभा करावा लागतो. भिंत ओली असेल तर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. पाणी प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला धरले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या अंगाला धरले तर हवेतून.

दुरुस्तीचा काळ पाऊस लागण्यापूर्वीचा. सुपारीचा बागायतदार कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी मृगाच्या आधी करतो. घोस गळू लागल्यावर तो पंप उचलत नाही. शाकारणी वैशाखात होत असे ती याच शहाणपणाने. कौले उतरवून वाळवावीत, शेवाळ खरवडावे, बोटाने वाजवून पाहावीत. खणखणीत वाजते ते ठेवावे, बद्द आवाजाचे काढावे. कुजलेली रीप काढताना तिच्या दोन्ही बाजूंचे हातभर निरोगी दिसणारे लाकूडही काढावे. नव्या आणि जुन्या लाकडाला बोरॅक्स व बोरिक ॲसिडचे द्रावण मुरवावे. ते बुरशीला आणि वाळवीला दोघांनाही आवरते. पावसात ते धुऊन जाते, म्हणून पागोळीबाहेर उघड्या टोकांना ते चालत नाही, पण छपराखाली चांगले टिकते.

साफसफाई याच्या नंतर, आणि पाऊस सरल्यावर, नवरात्रानंतरच्या कोरड्या उन्हात. कोरडा झाडू फिरवू नये. एका झटक्यात लाखो बीजाणू घरभर होतात. पंखाही लावू नये. एन-९५ मुखपट्टी, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून, फडके वारंवार धुऊन, लगेच वाळू द्यावे. चौरस मीटरभर जागा घरच्या माणसाने करावी; त्याहून मोठी असेल, किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल, तर सराव असलेल्या माणसाकडून करून घ्यावी आणि त्या दिवशी रुग्णाने दुसरीकडे राहावे. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा व श्वसनाचे विकार जास्त आढळतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट मांडले आहे. बुरशीची अमुक पातळी सुरक्षित असा आकडा त्या मार्गदर्शिकेने दिलेला नाही. ओल हटवा, एवढेच ती सांगते. गाद्या, पुठ्ठ्याची खोकी, पेंढा यांच्यात बुरशी खोल जाते. ती धुता येत नाहीत, टाकावीच लागतात. आजोबांची वही वाचवायची असेल तर ती आधी कोरड्या सावलीत पाने सुटी करून सुकवावी आणि मग मऊ कुंचल्याने, घराबाहेर, वारा पाठीवर घेऊन झटकावी.

माळ्यावरच्या धान्याचा मुद्दा याहून गंभीर आहे आणि त्यात तडजोड करू नये. बुरशी आलेले शेंगदाणे, मका किंवा खोबरे उन्हात टाकून, पुसून वापरण्याची सवय घराघरांत आहे. ॲस्परजिलस जातीच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते यकृताला घातक, कर्करोगकारक आहे आणि घरच्या शिजवण्याने किंवा भाजण्याने ते नाहीसे होत नाही. ऊन बुरशी मारील, विष राहील. असे धान्य गुरांनाही घालू नये. ते दुधात उतरते. भात १४ टक्क्यांच्या आत वाळवल्याशिवाय माळ्यावर चढवूच नये, आणि चढवलेली कणगी भिंतीपासून हातभर दूर, फळीवर उचलून ठेवावी.

दुरुस्ती झाल्यावर साफ केलेल्या वाशांना एक पूर्ण पावसाळा कसलाही रंग किंवा वॉर्निश लावू नये. उघड्या लाकडावर ओलीची रेघ उमटली तर ती पहिल्या आठवड्यात दिसते. मृगात एकदा, आषाढातल्या मोठ्या झडीत एकदा आणि भाद्रपदात उघडीप पडल्यावर एकदा असे तीन वेळा चढून, वैशाखात खडूने केलेल्या खुणांपाशी हात लावून पाहावे. तिन्ही वेळा लाकूड कोरडे लागले तर दिवाळीला भिंतींना चुना काढावा. वासे तसेच राहू द्यावेत.